बॅलेच्या ओळीतली माझी खुर्ची

दवाखान्यात पडून राहिलेल्या माणसाला लोक पुस्तकं आणून देतात. मलाही आणली होती. पान उलटायला तेव्हा माझे हात चालत नव्हते, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून हे मी मुद्दाम छोट्या छोट्या तुकड्यांत लिहितोय. उशाशी बसलेल्या माणसाला दमायच्या आत एखादा तुकडा वाचून दाखवता येईल.

मी हेमंत, मूळचा नागपूरचा. २००५ साली मिशिगनमधल्या ट्रॉयला राहत होतो आणि गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो. बायको वैशाली पुण्याची. मुलगी सई तेव्हा सहा वर्षांची. माझा व्हिसा माझ्या नोकरीवर आणि त्या दोघींचा माझ्यावर. एरवी ही गोष्ट मनातही येत नसे. आजारपणात मात्र ती रोज सकाळी डोळे उघडले की समोर यायची.

गुडघा

फेब्रुवारीत आम्हा तिघांची पोटं बिघडली. त्या दोघी लगेच बऱ्या झाल्या, मीही झालो असं वाटलं. मग एके दिवशी पायांना मुंग्या यायला लागल्या. थंडीचे बूट आवळत असतील म्हणून मी मोजे बदलले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उजवा पाय वरच्या पायरीवर जाईना. मी तिथेच बसलो आणि फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं. त्याच्या पुढच्या सकाळी दात घासताना हातातून पेला निसटला.

वैशालीनं शुभदाकाकूंना फोन केला. त्या आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातून आलेल्या डॉक्टर, आता रिटायर झालेल्या. बर्फातून घरातल्या सपातांवरच आल्या.

"पायावर पाय टाक रे," म्हणाल्या. मला टाकता येईना, तेव्हा त्यांनीच उचलून ठेवला. तळव्याच्या कडेनं गुडघ्याखाली ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर ठोकलं. तोही नाही.

"वैशाली, कोट घाल. आत्ता निघायचं."

"काकू, काय झालंय?"

"गाडीत सांगते," काकू म्हणाल्या, आणि गाडीत काहीच बोलल्या नाहीत. मी तेव्हा घाबरलो. काकू गप्प बसल्याचं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरकडे खरी रबरी हातोडी होती. तिनंही काही झालं नाही. त्यानं आजाराचं लांबलचक फ्रेंच नाव सांगितलं, मग म्हणाला, जीबीएस म्हणा. पोटाच्या जंतूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं होतं. "आणखी बिघडेल," तो म्हणाला. "मग थांबेल. मग सुधारेल. किती बिघडेल आणि किती सुधारेल, हे मला सांगता येत नाही."

मला तो माणूस आवडला. खोटं बोलला नाही.

"सईला काय सांगू?" वैशालीनं विचारलं.

"बाबा थकलाय म्हण."

संध्याकाळपर्यंत माझे हातही उचलेनासे झाले.

ऐकू सगळं येतं

व्हेंटिलेटरवरच्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. नातेवाइकांना एवढंच सांगतो, की आतल्या माणसाला सगळं ऐकू येत असतं. पलंगाशी उभं राहून बोलताना हे विसरू नका. एक नर्स मला कुशीवर वळवायच्या आधी दर वेळी सांगायची, "हेमंत, आता डावीकडे." बाकीच्या न सांगता वळवायच्या. शरीराला फरक पडत नसेल, पण त्या एका वाक्यासाठी मी तिच्या ड्युटीची वाट बघायचो.

पापण्या तेवढ्या माझ्या होत्या. वैशाली इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यावरून बोट फिरवायची आणि मी हव्या त्या अक्षरावर डोळे मिटायचो. नवरा पहिला शब्द काय बोलतो म्हणून ती कागद घेऊन बसली होती. मी बोललो, "टायर". बर्फात ती जुन्या टायरांवर गाडी चालवत येत होती, आणि मला दुसरं काही सुचतच नव्हतं. ती हसत हसत बाहेर गेली. कॉरिडॉरमध्ये बसून बराच वेळ रडली, असं काकूंनी नंतर सांगितलं.

सईला खास परवानगी काढून एकदा आत आणलं. गळ्यातली नळी बघून ती आईच्या कोटामागे गेली. त्यानंतर ती माझ्याजवळ यायची बंद झाली. मी नळीतून सुटलो, बोलू लागलो, तरी ती दारातच उभी राहायची. "हाय बाबा," म्हणायची आणि वैशालीकडे बघायची, आता निघूया ना म्हणून.

उचलायचं यंत्र

वसंत सुरू होता होता मला डेट्रॉइटमधल्या पुनर्वसन रुग्णालयात हलवलं. तिथे सकाळी पलंगावरून खुर्चीत ठेवायला एक यंत्र होतं. कापडाच्या झोळीत घालून ते मला वर उचलायचं. अडतीस वर्षांचा माणूस झोळीत लोंबकळताना कसा दिसतो, ते मी समोरच्या काचेत रोज बघायचो. अंघोळ दुसरे घालायचे. घास दुसरे भरवायचे. बोटं हलायला लागली होती, कोपर थोडं वाकायचं, पाय मात्र कोणा परक्याचे असावेत तसे पडून असायचे.

आजारापूर्वी वैशालीनं हायवेवर कधी गाडी घातली नव्हती. आता सईला शाळेत सोडून ती रोज ट्रकांच्या मधून डेट्रॉइटला यायची आणि शाळा सुटायच्या आत परत जायची. डबा घेऊन यायची. वरणभात भरवताना आम्ही कमी बोलायचो.

एकदा नागपूरहून माझ्या भावाचा फोन आला. सईला आमच्याकडे पाठवा, म्हणाला. मी हो म्हणून टाकलं. वैशाली आली तेव्हा तिला सांगितलं.

"तू ठरवलंस?" तिनं विचारलं.

"तुझी किती ओढाताण होतेय. आणि नोकरी गेली तर तसंही..."

"तुला हलता येत नाही म्हणून आता आम्हाला हलवतोयस का?"

तिनं डबा बंद केला आणि त्या दिवशी लवकर निघून गेली. मी बोललो त्यात काळजी होती. पण ती पोरगी माझ्याकडे बघायला घाबरते, हे मला सोसवत नव्हतं, तेही होतं.

उशिरा आलेले लोक

माझी थेरपिस्ट कॅरन म्हणाली, "बुधवारी आणि शनिवारी खालच्या हॉलमध्ये डान्स क्लास असतो. तू जा."

"कसला डान्स?"

"बॅले."

मी हसलो. आजारानंतर पहिल्यांदाच असेल. बरगड्या दुखल्या.

माझ्या खोलीत वॉल्टर नावाचे एक गृहस्थ होते. सत्तरीचे, कृष्णवर्णीय, उभा जन्म गाडीच्या कारखान्यात काढलेले. स्ट्रोकनं त्यांची उजवी बाजू गेली होती. ते म्हणाले, "खऱ्या पियानोवर क्लास असतो. टीव्हीपेक्षा बरा." वॉल्टर निघाले म्हणून मीही निघालो.

मला बॅले म्हणजे पांढऱ्या फ्रॉकमधल्या गोऱ्या मुली, एवढंच माहीत होतं. त्या हॉलमध्ये पाच नर्तक होते. दोघं कृष्णवर्णीय, एक मुलगी कोरियन, एक गोरी आणि टेओ नावाचा एक मेक्सिकन घरातला तरुण. कंपनी डेट्रॉइटचीच, लहानशी. शनिवार-रविवारी रात्री थिएटरमध्ये नाचायची. बाकी आठवडाभर हेच नर्तक सरकारी शाळांत, वृद्धाश्रमांत आणि आमच्यासारख्यांकडे जायचे. सकाळी दुसरी-तिसरीच्या पोरांना शिकवून थेट आमच्याकडे आलेले असायचे. तरी त्यांच्या पाठी ताठ.

त्यांच्या प्रमुख मिस लोरेटा. साठीच्या, उंच, सावळ्याहून गडद, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. स्वतः पुष्कळ वर्षं नाचलेल्या, आता खुब्याच्या ऑपरेशननंतर हातात काठी.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"हेमंत. मी वरच्या मजल्यावरचा पेशंट..."

"मजला नको. या हॉलमध्ये पेशंट नसतात. वेळेवर आलेले लोक असतात आणि उशिरा आलेले लोक असतात. तू उशिरा आलास. शेवटच्या खुर्चीशी जा."

इतक्या आठवड्यांत माझ्याशी सगळे हळुवार बोलत होते. कोणीतरी रागावलं, ते इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही नऊ-दहा जण चाकांच्या खुर्च्यांत एका ओळीत. पियानो जुना, दोन-तीन पट्ट्या मुक्या. वाजवणारे गृहस्थ आमच्याकडे बघून वाजवायचे. रुग्णालयानं म्हणे टेपरेकॉर्डर देऊ केला होता. लोरेटांनी नको सांगितलं. "टेप थांबत नाही," त्या म्हणाल्या. "यांचा हात वर पोचेपर्यंत कोणीतरी थांबायला हवं." आणि खरंच, वॉल्टरचा हात खांद्यापाशी अडला की पियानोवाला तोच सूर पुन्हा पुन्हा खेळवत राहायचा, काही घाई नसल्यासारखा.

टेओ माझ्यामागे स्टुलावर बसला. माझ्या कोपराखाली त्यानं तळवा धरला, पण उचललं नाही.

"उचल ना," मी म्हटलं.

"मी उचलला तर तो माझा हात होईल," टेओ म्हणाला. "तुम्ही निघा, मी आलोच."

हात छातीपर्यंत गेला. तिथे थरथरला आणि खाली आला. पलीकडून लोरेटांचा आवाज आला, "हेमंत, पाडू नकोस. आणायचा असतो खाली. पुन्हा."

थेरपीत मला सगळे "शाब्बास" म्हणायचे. इथे फक्त "पुन्हा" होतं. मला ते "पुन्हा" जास्त मानाचं वाटलं. पुढच्या बुधवारी मी वॉल्टरच्या आधी खुर्चीत बसून तयार होतो.

सईचा रंग

शनिवारच्या क्लासला घरच्यांना यायची मुभा होती. वैशाली सईला घेऊन आली, आणि सई नेहमीसारखी दाराशी उभी राहिली. लोरेटांनी तिला विचारलं नाही, थोपटलंही नाही. काठीनं माझ्या शेजारची जागा दाखवली.

"तिथे माणूस कमी आहे. येतेस?"

सई आली. गोऱ्या नर्तिकेनं दाखवलं तसं तिनं हात गोल केले. मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, यू आर डूइंग इट राँग," ती म्हणाली, आणि माझं मनगट धरून हात सारखा करून दिला.

फेब्रुवारीनंतर माझ्या पोरीनं मला पहिल्यांदा हात लावला होता. मी पियानोकडे बघत बसलो. त्या गृहस्थांनीही तोच सूर बराच वेळ चालू ठेवला, ते उगाच नसावं.

महिन्याभरात सईला त्या कंपनीच्या शाळेतल्या मुलांच्या क्लासमध्ये जागा मिळाली. त्यांच्याकडे बुटांची एक गंमत होती. बॅलेचे बूट दुकानात गुलाबी मिळतात. गोऱ्या पायांवर ते कातडीत मिसळतात, पाय लांब दिसतो. गडद पायांवर मिसळत नाहीत. म्हणून ही कंपनी प्रत्येक नर्तकाच्या कातडीचा रंग घोटून बूट रंगवायची. खोलीच्या कोपऱ्यात तपकिरी रंगाच्या डब्या मांडलेल्या असायच्या, दुधाळ चहापासून काळ्या कॉफीपर्यंत.

एका शनिवारी सईच्या बुटांसाठी वैशालीनं रंग निवडला. लोरेटांनी त्या रंगाची कापडी पट्टी सईच्या घोट्याशी धरली आणि मान हलवली. "हा हिचा रंग नाही."

वैशालीनं दुसरा घेतला. तोही उजळच होता. तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. मी खुर्चीतून बघत होतो. सई जन्मली तेव्हा आमच्या दोन्ही घरांतून फोनवर आलेला पहिला प्रश्न तिच्या रंगाबद्दलच होता. आम्ही दोघांनी तेव्हा "गव्हाळ आहे" असं सांगितलं होतं.

सईनं खाली बसून स्वतःच डब्या बघितल्या, एका डबीत बोट बुडवलं आणि पायावर ओढलं. रेघ दिसेनाशी झाली.

"धिस इज मी," ती म्हणाली.

"बरोबर," लोरेटा म्हणाल्या. "डोळे चांगले आहेत हिचे."

वैशाली त्या दिवशी सईच्या शेजारी जमिनीवर बसून बूट रंगवत राहिली. निघताना मला म्हणाली, "नागपूरला फोन करून सांग, सई कुठेही जात नाहीये." मी त्याच दिवशी सांगितलं.

वाकडी ओळ

सगळं असंच चढत गेलं असं समजू नका. मे महिन्यात बाथरूममध्ये खुर्ची बदलताना मी पडलो. खांदा दुखावला आणि मोठ्या कष्टानं आलेला उजवा हात पुन्हा छातीपर्यंतही जाईना. त्याच आठवड्यात ऑफिसमधून मॅनेजरचा फोन आला. माणूस चांगला. त्यानं जागा राखून ठेवली होती, पण उन्हाळ्यानंतर त्याच्या हातात काही राहणार नव्हतं.

मी थेरपीला जाऊन पडायचो, क्लासला जायचं सोडलं. भिंतीकडे तोंड करून झोपायचो. वैशाली बोलायची, काकू बोलायच्या, मी हुं म्हणायचो.

एक दिवस काठीचा आवाज आला. लोरेटा.

"दोन क्लास झाले," त्या म्हणाल्या.

"खांदा गेलाय."

"ऐकलं मी."

"आता उपयोग नाही. मी काही नर्तक नाही, मिस लोरेटा."

त्या खुर्चीत बसल्या. खुबा दुखत असावा, कारण बसायला वेळ लागला. "हे बघ," त्या म्हणाल्या, "तू किती चांगला करतोस ते सांगायला मी जिने चढून आले नाही. तू काही फार चांगला करत नाहीस. पण शेवटची खुर्ची रिकामी आहे, आणि माझी ओळ वाकडी दिसते. वॉल्टर रिकाम्या जागेकडे झुकतात. आज डावा हात आहे ना? डावा घेऊन ये."

लोकांनी मला धीर दिला होता, प्रार्थना केल्या होत्या, प्रसाद पाठवला होता. त्या सगळ्यांचं ऋण आहेच. पण माझ्यावाचून कोणाचं काही अडलंय, असं इतक्या महिन्यांत कोणी म्हटलं नव्हतं. मी डावा हात घेऊन गेलो.

जूनमध्ये मला घरी सोडलं. ऑफिसनं लॅपटॉप पाठवला आणि मी अर्धा दिवस घरून काम करू लागलो. बोटं बऱ्यापैकी चालत होती. आज तीन वर्षांनी मी चालतो. घोट्यांना ब्रेस लागतात, लांब अंतराला काठी लागते, पावलं अजून बधिर आहेत. वॉल्टर त्यांच्या मुलीकडे राहतात, डाव्या हातानं लिहायला शिकलेत. माझ्यासारखे कोणी आत्ता पलंगावर असतील तर त्यांना सांगतो, हा आजार उतरतो, पण त्याच्या मर्जीनं उतरतो. तोवर एखादी जागा शोधा जिथे तुम्ही न आल्याचं कोणाच्या तरी लक्षात येईल.

सभागृह

मी घरी आलो त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, कंपनीनं डेट्रॉइटमधल्या एका हायस्कूलच्या सभागृहात कार्यक्रम केला. शाळेतली मुलं, वृद्धाश्रमातल्या आज्या, आम्ही आणि शेवटी कंपनी स्वतः, सगळे त्याच रंगमंचावर. लोरेटांनी कीव म्हणून आम्हाला वेगळं वागवलं नव्हतं. तालमीत आम्हालाही तेवढंच रागावलं गेलं होतं.

आमच्या तुकड्याच्या शेवटी ज्यांना जमेल त्यांनी समोरचा दांडा धरून उभं राहायचं होतं. थेरपीत दोन माणसांच्या आधारानं मी उभा राहिलो होतो. घरी मात्र वैशाली मला खुर्चीतून लाकडी फळीवरून सरकवूनच पलंगावर घ्यायची. सगळं तीच करायची. अंघोळ, जेवण, सईची ने-आण, माझी थेरपी, ऑफिसचे आणि विम्याचे फोन. त्या दिवशीही सकाळपासून आमची सगळी तयारी करून, खुर्ची गाडीत चढवून तीच आम्हाला घेऊन आली होती.

दिवे लागले. हात वर गेले, डावा पूर्ण, उजवा जेवढा जात होता तेवढा. मग टेओ माझ्या बाजूला आला, मी दांडा धरला आणि उभा राहिलो. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी तिसऱ्या रांगेत वैशालीला शोधलं.

ती झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर सईचं जॅकेट. आजूबाजूला माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि ती गाढ झोपली होती.

मला हसू आलं. मग मी बसलो.

पुढे कंपनी नाचली. ते वर्णन करायची माझी लायकी नाही. जो टेओ माझ्या कोपराखाली हात धरून बसायचा, तो इतक्या उंच गेला की सभागृहानं श्वास धरला, आणि खाली आला तेव्हा आवाज नव्हता. वैशालीनं तेही पाहिलं नाही.

लोक गेले. सई तिला उठवायला धावली. लोरेटांनी काठी आडवी धरली.

"राहू दे तिला," त्या हळू म्हणाल्या.

मग त्या सगळ्या नर्तकांनी सभागृह आवरलं. खुर्च्या घडी केल्या, दांडे उचलले, पियानो लोटला, आणि काही वाजलं नाही. दमलेली, घामेजलेली ती माणसं अनवाणी पायांनी माझ्या बायकोच्या भोवतीनं सामान वाहत होती. तिच्या रांगेतल्या खुर्च्यांना त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. शिपाई दिवे घालवायला आला, त्याला कोरियन मुलीनं ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. त्या सगळ्यांना घरी जायचं होतं. कोणी घाई केली नाही.

बऱ्याच वेळानं वैशालीला जाग आली. रिकामं सभागृह बघून ती दचकली. मी खुर्ची लोटत तिच्या समोर आलो होतो.

"संपलं?"

"संपलं."

"तू उभा राहिलास?"

"राहिलो."

तिनं चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी एवढी आले आणि..."

"वैशाली, असू दे."

"आता राहशील?" ती म्हणाली. "माझ्यासाठी?"

मी खुर्चीचे ब्रेक लावले. टेओ पुढे आला, तसा लोरेटांनी त्याला थांबवलं. वैशाली माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. मी ते धरले आणि जोर दिला. वेळ लागला. तिनं ओढलं नाही.

मी उभा राहिलो. ती माझ्या हनुवटीपर्यंतच येते, हे मी विसरलो होतो. आजारी पडल्यापासून मी तिला खालूनच बघत आलो होतो. आता तिचा भांग मला वरून दिसत होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस होते, मी याआधी कधीच न पाहिलेले.